मावशीसाठी बांधलेली बॅटरीची सायकल

सुनंदा मावशीवर अन्याय झाला तो मार्चच्या पहिल्या सोमवारी, सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी. वेळ तिनंच सांगितली, कारण घड्याळ समोरच्या भिंतीवर होतं आणि दार तिच्या तोंडावर लागलं होतं.

मावशी आशाताई आहे. कवठे महांकाळच्या पुढं माळावर जिथं दोन घरं इकडं आणि तीन घरं तिकडं अशा वस्त्या आहेत, तिथं ती फिरते. बाळांची वजनं घेते, गरोदर बायकांच्या नोंदी ठेवते, म्हाताऱ्यांना गोळ्या पोचवते. महिन्याच्या पहिल्या सोमवारी दहा वाजता आरोग्य केंद्रावर बैठक असते. त्या सोमवारी एसटी आलीच नाही, म्हणून मावशी सात किलोमीटर चालत गेली आणि बारा मिनिटं उशिरा पोचली. तिथल्या साहेबांनी हजेरीपत्रकावर लाल शाईनं ‘गैरहजर’ लिहिलं आणि तिला एक वाजेपर्यंत व्हरांड्यात उभं ठेवलं. ही तिची दुसरी गैरहजेरी. तिसरी झाली तर नाव कमी करणार, असंही सुनावलं. सात किलोमीटर चालून आलेली बाई गैरहजर! मग हजर कुणाला म्हणायचं, गाडीतून उतरणाऱ्याला?

केंद्राचं नाव मी लिहीत नाही. मावशीनं दम दिलाय, “वैशे, नाव छापलंस तर तुज्या उंबऱ्याला पाय लावणार न्हाई.”

मी साताऱ्यात छापखान्यात काम करते आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहून वाटते. पाण्याच्या टाकीसाठी लिहिली, बंद पडलेल्या बससाठी लिहिली, कंत्राटी बायकांच्या पगारी रजेसाठी लिहिली. त्या संध्याकाळीही कागद पुढं ओढला. पहिला परिच्छेद झकास उतरला. मग मनात आलं, एप्रिलच्या पहिल्या सोमवारी मावशी काय या कागदावर बसून बैठकीला जाणार? कागद बाजूला ठेवला आणि मावशीला फोन लावला.

“मावशी, सायकल येते का गं तुला?”

“येती की. न यायला काय झालं?”

एवढंच विचारलं. याहून जास्त काही विचारलं नाही, हे ध्यानात ठेवा. पुढं माझी जी फजिती झाली ती इथं रुजली.

सातारा, अंगणात

आमच्या शेजारी सुभेदार नाना राहतात. फौजेत चोवीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या, आता गुलाबाची कलमं करतात आणि गल्लीतल्या सगळ्यांच्या मिक्सरची चौकशी करतात. मी त्यांना मावशीची हकीकत सांगितली. नाना उठले, पडवीतली स्वतःची सायकल बाहेर काढली आणि म्हणाले, “ही घे. मजबूत हाय. आन ऐक, काम नियमानं करायचं. जुगाड न्हाई पायजे.”

मोटार, कंट्रोलर, ब्रेकचे स्विच आणि हँडलवरची पिळायची मूठ असा संच मागवला. मोटार मागच्या चाकाच्या पोटातच बसवलेली येते. बॅटरी मात्र तयार, डब्यातली घेतली. सेल विकत आणून घरी डाग देणारे बहाद्दर व्हिडिओत पुष्कळ दिसतात. ज्याला घर पेटवायची हौस आहे त्यानं ते करावं.

पहिल्याच दिवशी कळलं की मोटारीचं चाक जाड आणि सायकलीची मागची दांडकी अरुंद. मी रडकुंडीला आले. नानांनी जीपचा जॅक आणला, दोन दांडक्यांच्या मधे आडवा ठेवला आणि दात काढणाऱ्या डॉक्टरासारखे हळूहळू पिळत गेले. “लोखंड हाय पोरी, लोखंडाला समजावून सांगितलं की ऐकतंय. ही नव्या सायकलींची अॅल्युमिनियमची दांडकी असती तर कटकन मोडली असती.”

मग तारा. पिवळी, हिरवी, निळी, शिवाय पाच बारक्या. मी जोडल्या, चाक अधांतरी धरलं, मूठ पिळली, आणि चाक उलटं फिरलं. नाना गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, “वा! रिव्हर्स गिअर बी दिला व्हय कंपनीनं?” दोन संध्याकाळी अदलाबदल केल्यावर चाक सरळ फिरायला लागलं. बॅटरीचा डबा सायकलीच्या मधल्या त्रिकोणात बसवला. इतका चपखल बसला की आम्ही दोघं लांबून, जवळून, वाकून बघत राहिलो. आईनं चहा आणला आणि विचारलं, “झालं का तुमच्या कंपनीचं उद्घाटन?”

आता टेम्पोत घालून पाठवता आली असती. पण नाना म्हणाले, “टेस्ट न करता गाडी द्यायची? उद्या माळावर बंद पडली तर बाईनं काय करायचं?” हे मला पटलं. सोमवारची बैठक, म्हणून मी गुरुवारी निघाले. निघताना नानांनी पाना, पक्कड, फ्यूज, चिकटपट्टी आणि स्वतःच्या हातची चेकलिस्ट दिली. पहिली ओळ होती, ‘डोकं शांत ठेवणे.’ बाकी सगळं पुढं उपयोगी पडलं, ती ओळ सोडून.

गुरुवार: उंब्रज, कराड

साताऱ्याहून कराडकडं रस्ता एकंदरीत उताराचा. हायवे टाळून शेजारच्या रस्त्यानं पायडल मारत आणि चढाला तेवढी मोटार वापरत निघाले. कानात वारा, पाठीवर पत्रकांचा गठ्ठा. तो कुठंही जाताना असतोच. उंब्रजला बॅटरीचा शेवटचा दिवा लुकलुकायला लागला तेव्हा एका हॉटेलात शिरले. मिसळ मागवली आणि विचारलं, “काका, जरा चार्जिंगला लावू का?”

“लाव की,” काका म्हणाले. मी पिशवीतून वीटभर चार्जर काढला, त्याचा पंखा घुर्र करून सुरू झाला. काका वाटाण्याचा डाव हातात धरून बघत राहिले. “मला वाटलं मोबाईल हाय. ह्ये तर चक्की हाय!”

तीन तास लागतील म्हटल्यावर काकूंनी माझ्यापुढं कांद्याची पाटी सरकवली. “बसून काय करतीस? चीर.” आमच्या साताऱ्यात पाहुण्याला आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग आडनावावरून काय काढायचं ते काढतात. मी त्याविरुद्ध पत्रक काढलंय, वाटलंयसुद्धा. काकूंनी मात्र आडनाव विचारलंच नाही. कांदा बारीक येतो का, एवढंच बघितलं. मी जाताना त्यांनी पदर खोचला, सायकलीकडं बघितलं आणि म्हणाल्या, “मला जमंल का गं?” मी म्हटलं, का नाही जमणार? बसून बघा म्हणायचं सुचलंच नाही. आज लिहिताना स्वतःच्या डोक्यात मारून घ्यावंसं वाटतं.

कराडला मैत्रिणीकडं मुक्काम. संध्याकाळी कृष्णा-कोयनेच्या संगमावर भेळ खाल्ली. चाकातली मोटार हाताला कोमट लागत होती. नानांना फोनवर ‘मोटार कोमट’ असा रिपोर्ट दिला. “ओके,” नाना म्हणाले.

शुक्रवार: पलूसच्या अलीकडं

उसाचा हंगाम संपत आला होता, तरी शेवटच्या ट्रॉल्या रस्त्यावर होत्या. दोन ट्रॉल्या मागं जोडलेला ट्रॅक्टर, त्यावर कर्णा, आणि मागं दिव्याचा पत्ता नाही. हे रोज माणसं मारतं आणि रोज आपण बाजूला होऊन वाट देतो! मी संतापानं मूठ पिळून ओलांडायला गेले, तेवढ्यात मागचं चाक फसफसलं. बाभळीचा काटा.

मोटारीचं चाक काढायचं म्हणजे तारा सोडवायच्या, नट सोडवायचे, सगळी पूजा मांडायची. अर्धा तास ढकलत एका पंक्चरवाल्या आजोबांच्या टपरीवर पोचले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, चाकातून निघालेली वायर बघितली आणि हात मागं घेतला.

“करंट हाय ह्येच्यात?”

“बंद केलाय आजोबा.”

“बघ हां. माज्या मागं म्हातारी हाय, दोन म्हशी हायत्या.”

मी चाक खोलायला पाना काढला. आजोबांनी तो माझ्या हातातून घेतला आणि बाजूला ठेवला. “चाक कशाला काढतीस? आपल्याला ट्यूब पायजे, चाक न्हवं.” टायरची एक बाजू उचकटली, फुटकी जागा हुडकली, तेवढीच ट्यूब बाहेर ओढली, घासली, चिकटवली, आत ढकलली. दहा मिनिटं. नानांच्या चेकलिस्टमध्ये याला दीड तास धरला होता.

पुढच्या चौकात हवालदारांनी शिट्टी मारली. “नंबर प्लेट कुठाय?” माझं डोकं तापलं. मोटार दोनशे पन्नास वॅटच्या आत आणि वेग पंचवीसच्या आत असला की ही सायकलच धरतात. नंबर लागत नाही, लायसन लागत नाही. हे मी घोषणा देताना लागतो त्या आवाजात सांगितलं. चहाच्या टपरीवरची माणसं गोळा झाली. मी गठ्ठ्यातलं बंद पडलेल्या बसचं पत्रकही त्यांच्या हातात ठेवलं, त्याचा इथं काही संबंध नव्हता तरी. हवालदारांनी ते उलटसुलट बघितलं, घडी करून खिशात घातलं आणि म्हणाले, “ताई, वरडू नका. मी दंडाचं न्हाई बोलत. एक चक्कर मारू का?” मारली. टोपी उडाली, हसत परत आले. “आमच्या मंडळींना घ्यायला पायजे एक. शाळा चार किलोमीटर हाय तिची.” मी मनातल्या मनात एक भाषण गिळलं.

शनिवार: तासगाव सोडल्यावर

तासगावात रात्र काढून सकाळी निघाले. जसजसं पुढं जावं तसतशी जमीन रंग सोडत जाते. ऊस मागं राहतो, बांधावर बोरी-बाभळी दिसायला लागतात. आणि मधूनच द्राक्षबाग, हिरवी कच्च. इथं पाण्याचा थेंब कुठून आणला ते प्रत्येक शेतकरी वेगळा सांगतो. बागांशेजारी बेदाण्याच्या शेड. लोखंडी खांबांवर जाळ्यांचे दहा-बारा थर, त्यावर द्राक्षं वाळत घातलेली.

ऊन डोक्यावर आल्यावर अशाच एका शेडच्या सावलीला थांबले. बायका बेदाणा निवडत होत्या. आमच्याकडं पेढे देतात. इथं आधी तांब्याभर पाणी दिलं, मग ओंजळभर बेदाणा. एकीनं विचारलं, “कुणाकडं निघालीस?” मावशीचं नाव सांगितल्यावर सगळ्याच बोलायला लागल्या. हिच्या लेकराचं वजन मावशीनं केलेलं, तिच्या सुनेला बाळंतपणाला तिनं गाडीत घातलेलं. एक म्हातारी म्हणाली, “चालून चालून तिच्या चपलांचं तळ गेल्यात. सायकल आणलीस ते लय ब्येस केलंस बाय.” मी फुगले. इतकी फुगले की पुढचे दहा किलोमीटर बॅटरीची गरजच पडली नाही.

मावशी वस्तीच्या तोंडाला उभी होती. मला मिठी मारली, सायकलीला हळदकुंकू लावलं, हँडलला फुलांची माळ घातली. “कान पिळला की पळतीया व्हय ही?” म्हणाली. शेजारपाजारचे जमले. मी दोन वाक्यांत कष्टकरी स्त्रीच्या हक्काच्या प्रवासाबद्दल बोलले. मग म्हटलं, “बस मावशी.”

मावशी सायकलीजवळ गेली. थांबली. सायकलीची आडवी नळी तिच्या पोटाला लागत होती.

“वैशे,” ती म्हणाली, “ही गड्यामाणसांची सायकल हाय.”

“मग? तू म्हणालीस ना येते!”

“येती की. पर मी दादाची सायकल नळीखालनं पाय घालून चालवायची. धा वरसाची हुती मी तवा. परकरात. आता ही साडी घिऊन ह्या नळीवरनं टांग टाकू व्हय, समद्या गावादेखत? आन खालनं पाय घालावा तर तू तिथं ह्यो डबा बसवलायास!”

वस्ती हसली. मावशी सगळ्यांत जास्त हसली. मी हसले नाही. साताऱ्याहून दीडशे किलोमीटर मी जीन्स घालून टांग मारत आले आणि एकदाही मनात आलं नाही की मावशी साडी नेसते! कामकरी बायकांना विचारल्याशिवाय त्यांच्यासाठी काही ठरवू नका, असं मीच छापलंय, जाड ठशात. नानांना फोन केला. नाना म्हणाले, “च्यायला. आपल्या दोघांच्या बी ध्यानात न्हाई आलं.”

सोमवार परवावर आला होता. एसटीचा भरवसा तोच, मागच्यासारखा. आणि लाल शाईची जागा एकच उरली होती.

रविवार: माळावर

सकाळी मावशीनं गोठ्यामागून एक सायकल काढली. तिच्या लेकीला आठवीत असताना मिळालेली, लेडीज, वाकड्या नळीची. लेक लग्न होऊन गेली, सायकल राहिली. कोंबड्या तिच्यावर झोपायच्या. “हिच्यावर बसता येतं मला,” मावशी म्हणाली. चाकं दोन्ही सायकलींची सव्वीस इंची निघाली, एवढंच माझं नशीब.

पण लेडीज सायकलीला त्रिकोण नाही. डबा ठेवायचा कुठं? मावशी म्हणाली, “बाळूला बलवू.” बाळू फवारणीचे बॅटरीपंप दुरुस्त करतो. पाठीवर बॅटरी घेऊन द्राक्षबागेत फिरणारी माणसं या भागात वस्तीवस्तीवर आहेत, आणि त्या सगळ्यांच्या बॅटऱ्या याच्या हाताखालून गेलेल्या. त्यानं माझ्या जोडणीकडं बघितलं.

“ताई, ह्या तारा कुणी जोडल्या?”

“मी.”

“चांगल्या हायत्या,” तो म्हणाला, आणि सगळ्या सोडवल्या.

डबा मागच्या कॅरिअरवर द्राक्षाच्या क्रेटमध्ये बसवायचं ठरलं. खाली जुन्या टायरचा तुकडा, म्हणजे दणके बसणार नाहीत. मग तारा आखूड पडल्या. मी बारीक वायर जोडायला घेतली तशी बाळूनं हातावर चापट मारली. “तापंल की! मोटरला हीच लागती,” म्हणून त्यानं विहिरीच्या पंपाची जाड वायर आणली. मागची दांडकी फाकवायला इथं जीपचा जॅक नव्हता. बाळूनं सायकल आडवी पाडली, एका दांडक्यावर पाय दिला, दुसरं दोन्ही हातांनी वर ओढलं, आणि मोटारीचं चाक आत गेलं.

“चाकाचं झालं,” मावशी म्हणाली, “पदराचं काय? मागच्या चाकात पदर गेला तर मी ऱ्हाती इथंच.” हे तिनंच ओळखलं, आम्हा दोघा तज्ज्ञांपैकी कुणीच नाही. बेदाण्याच्या शेडमधली हिरवी जाळी आणली, चाकाच्या दोन्ही बाजूंनी ताणून तारेनं शिवली. आता पदर काय, कोंबडीचं पीससुद्धा आत जाणार नाही.

उन्हं उतरल्यावर मावशी शाळेच्या मैदानात शिकायला बसली. पहिल्यांदा मूठ पिळली तेव्हा “आगं आगं आगं” करत थेट झेंड्याच्या कट्ट्यापर्यंत गेली. ब्रेक दाबला की मोटार आपोआप बंद होते हे कळल्यावर मात्र तिला कंठ फुटला. पाचव्या फेरीला ती एका हातानं पदर सावरत, दुसऱ्या हातानं मूठ पिळत मला “सरक की!” म्हणत होती. जेवायला बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी आणि कच्चा कांदा. मी चार भाकऱ्या खाल्ल्या. लाज वाटली की भूक मरते, असं कोण म्हणतं कोण जाणे.

सोमवार: दहाच्या आत

मावशी पावणेनवाला निघाली. मीही निघाले, नानांच्या सायकलीवर. तिला आता मोटार नव्हती, डबा नव्हता. जुनं मागचं चाक बाळूनं त्याच्या अडगळीतल्या सायकलीचं बसवून दिलं होतं. चढावर मावशी मागं वळून विचारायची, “दमलीस काय गं?” मला उत्तर द्यायला दम शिल्लक नव्हता. मधे एकदा डबा हलला म्हणून थांबलो, क्रेटची दोरी आवळली. साडेनऊला आम्ही केंद्राच्या फाटकात होतो. रस्त्यात तिनं मला एकच गोष्ट बजावली होती, “तू त्वांड उघडायचं न्हाई.”

बाकीच्या बायका येत गेल्या. दहा वाजले. खोली उघडी, घड्याळ चालू, खुर्ची रिकामी. साहेब आले दहा पंचवीसला. दारात गर्दी बघून थबकले. माझ्या जिभेवर चार घोषणा तयार होत्या. मी ओठ दाताखाली धरले.

मावशी उठून उभी राहिली. हात जोडले. “या साहेब, आत या. आमी भाईर न्हाई उभं करत कुणाला.”

कुणी हसलं नाही. हसायची गरजच नव्हती. साहेब घड्याळाकडं बघायचं टाळत खुर्चीत बसले आणि हजेरीपत्रक पुढं केलं. मावशीनं निळ्या शाईनं सही केली, पूर्ण नावानं, सावकाश. तिचं नाव कमी झालं नाही. पुढंही होऊ देणार नाही.

बैठक सुटल्यावर सगळ्या सायकलीभोवती जमल्या. एक म्हणाली माझा गुडघा वळत नाही, एकीची उंची पावणेपाच फूट, एकीला सायकल मुळीच येत नाही पण शिकायची आहे, एकीच्या वाटेवर ओढा आहे आणि तिला सायकल उचलून न्यावी लागेल. या वेळी मी भाषण केलं नाही. टेप काढला, वही काढली, आणि एकेकीला विचारून मापं घेतली.

आता तुम्ही. तुमच्या गल्लीत, तुमच्या वाडीवर एक बाई घरोघर पायी फिरते. उद्या ती आली की तिला दारातून परत पाठवू नका. बसवा, पाणी द्या आणि विचारा: रोज किती चालतेस, सायकल येते का, कोणती येते, साडीत चालवणार की ड्रेसमध्ये, वाटेत चढ कुठं आहे. मग तुमच्या जिन्याखाली पडून असलेली सायकल बाहेर काढा, तिच्या मापानं मोटार बसवून घ्या आणि तिच्या हातात द्या. नंतर तिच्या बैठकीच्या दिवशी दहाला दहा कमी असताना केंद्राच्या फाटकावर जाऊन उभे राहा, आणि कोण वेळेत येतं, कोण येत नाही, ते सगळ्यांसमोर लिहून काढा.